झळाळी आली, नंबर गेले

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या जिल्हा पानावर 'जुन्या रायफलींना नवी झळाळी' ही बातमी फोटोसकट आली होती. आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेने स्मृतिदालनातल्या थ्री नॉट थ्री रायफली पॉलिश करून काचेच्या कपाटात मांडल्या, त्याची ती बातमी. फोटोत रायफली लग्नातल्या समईसारख्या चकाकत होत्या. मी सैन्यात चोवीस वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. चकाकणारी थ्री नॉट थ्री मी नोकरीत एकदाही पाहिली नाही, कारण उन्हात चमकली तर रायफल जवानाचा पत्ता सांगते. म्हणून एसटी धरली आणि बघायला गेलो.

आधी एक खुलासा, म्हणजे कुणी दचकायला नको. या कवायतीच्या, म्हणजे डीपी रायफली. फायरिंग पिन काढलेली, नळीला भोक पाडलेलं, लाकडावर पांढरा पट्टा. संस्थेकडे कागदपत्रं आहेत. आपल्याकडे थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला ठेवताच येत नाही आणि मीही तिथली एक पट्टी घरी आणलेली नाही. जे केलं ते संस्थेच्या व्हरांड्यात, शिपायाच्या समोर बसून केलं.

कपाटात तीन रायफली होत्या. काचेतून पाहिलं तरी पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला दोघींना तडा गेलेला दिसला, वर एमसील भरून तपकिरी रंग फासलेला. तडा कसा गेला हे मला विचारावं लागलं नाही. या रायफलीचा दस्ता एका लांब बोल्टाने आवळलेला असतो. त्या बोल्टाचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न उतरवता बोल्ट पिळला की ते चौकोनी टोक आतून लाकूड फाडतं. सिकंदराबादला ट्रेनिंगमध्ये आमचे उस्ताद रोज ओरडायचे, "पहले आगे की लकडी, बाद में बट!" पॉलिशवाला बिचारा फर्निचरचा माणूस, त्याला कोण सांगणार? त्याचा दोष मी धरत नाही. काम देणाऱ्यांनी कुणाला तरी विचारायला हवं होतं. या तालुक्यात दर चौथ्या घरात एक निवृत्त फौजी आहे.

तडा जोडता येतो. खरं नुकसान वेगळंच झालं. लाकूड मशिनने घासल्यामुळे ते पोलादाच्या पातळीखाली गेलं, कडा गोल झाल्या आणि त्यावरचे सगळे ठसे निघून गेले. पोलादावर बफ मारलं. दस्ता जिथे बसतो तिथे पोलादी खोबण असते, तिच्या उजव्या अंगाला मुकुट, खाली जी.आर.आय. ही राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं असतं. जी.आर. एवढंच असेल तर रायफल बाहेरच्या देशातली, पुढे 'आय' असेल तर आपल्या बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची. तो 'आय' म्हणजे इंपरेटर, हिंदुस्थानचा बादशहा. तिन्हींवर आता मुकुटाच्या जागी एक पुसटसा फुगवटा आहे, एवढंच.

आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. त्या दगडावर ग्राइंडर फिरवून कुणी त्याला झळाळी आणली असती का? (देवळांच्या काळ्या दगडांना आपण ऑइलपेंट फासलाच आहे म्हणा. ते एक स्वतंत्र पत्र होईल.)

चौथी रायफल अडगळीच्या खोलीत होती. दस्ता खिळखिळा, म्हणून ती फोटोतही नव्हती आणि पॉलिशमध्येही नव्हती. नशीब तिचं. मी ती मागून घेतली आणि आठ मंगळवार तिच्यावर बसलो.

पहिल्या मंगळवारी पाना-स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि सगळे ठसे उतरवून घेतले. साल 1943, ईशापूर. मग लाकूड उतरवलं, अर्थात पुढचं आधी. या रायफलीत मूळ नंबर नळीवर असतो, बोल्टच्या (दस्त्याचा नव्हे, काडतूस आत ढकलणाऱ्या भागाच्या) दांड्याच्या मागे असतो, निशाण्याच्या पट्टीखाली असतो, पुढच्या टोपीवर असतो आणि त्या टोपीखाली लाकडातही असतो. लाकडातला नंबर पाहिला तेव्हा ऐंशी वर्षांच्या तेलाखाली तो काल ठोकल्यासारखा कोरा होता. पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू आरपार गेलेला होता. पॉलिशवाल्याने पाहिला असता तर कुणीतरी नंतर ठोकलेला म्हणून काढून टाकला असता. तो ईशापूरचाच आहे, लाकूड फाटू नये म्हणून दिलेला.

वर काळा ऑइलपेंट होता, दोन थर. तो रिमूव्हर लावून, लाकडाच्या रेघेने ब्रश मारून काढला. पॉलिश पेपर अजिबात वापरला नाही. दबलेल्या जागांवर ओली चिंधी ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने लाकूड वर येतं. बहुतेक खड्डे आले, दोन आले नाहीत, ते राहू दिले. हिच्याही लाकडाला तडा होता, त्याला आमच्या गावच्या सुताराने आतून लाकडाची खुंटी घातली, तीही बाहेरून दिसणार नाही अशी. गंज काढायला माझ्याकडे कमळाचं जुनं वीस पैशाचं नाणं आहे. पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ते गंज खरवडतं पण ओरखडा पाडत नाही. शेवटी कच्चं जवसाचं तेल, तळहाताने, अगदी पातळ. आमच्या घरी जवसाची चटणी व्हायची. ट्रेनिंगला पहिल्यांदा कळलं की रायफलीलाही जवसच लागतो, तेव्हा मला हसू आलं होतं. एक सांगून ठेवतो, तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेते. दोरीवर पसरून वाळवा.

संस्थेचे एक सदस्य म्हणाले, "डीपीचा शिक्का आणि पांढरा पट्टा तेवढा घालवा, म्हणजे लढाईतली दिसेल." मी नाही म्हटलं. ती लढाईत होती की नाही हे मला ठाऊक नाही, पण तिच्यावर मुलं कवायत शिकली हे शिक्का सांगतो. ईशापूरने अशाच रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून पोलीस आणि तुरुंगासाठी .410 मस्केट केल्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या. ग्रेनेड फेकणाऱ्या रायफलींना तांब्याची तार गुंडाळली. असली मस्केट कुणाला मिळाली तर ती पुन्हा दहा गोळ्यांची करायला जाऊ नये. विलायतेत आणि कॅनडात दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात विकलेल्या रायफलींची लाकडं शिकाऱ्यांनी हौसेने कापली, आणि आता त्यांचीच नातवंडं मूळ लाकूड शोधत फिरतात. ते मला समजतं. शिकाऱ्याने करवत चालवली ती खांद्यावरचं वजन कमी करायला. कारखान्याने बदल केला तो रायफलीला नवी नोकरी द्यायला. दोन्हींत फरक आहे.

या रायफलीचं मार्क थ्री हे रूप 26 जानेवारी 1907 रोजी मंजूर झालं. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तोही 26 जानेवारीलाच, 2020 साली. इतर ठिकाणीही त्या निघत आहेत आणि काही शाळांत, दालनांत, चौकात येतील. माझी विनंती एवढीच की ज्या खात्याकडून रायफल येते त्याने सोबत ठशांची आणि नंबरांची नोंद फोटोसकट द्यावी, आणि घेणाऱ्याने ती नोंद हातात आल्याशिवाय पॉलिशवाल्याला बोलावू नये. खर्च शून्य आहे.

आमच्या दालनाबद्दल एक राहिलं. चौथ्या रायफलीतला बोल्ट तिचा नाही, नंबर जुळत नाही. तिचा बोल्ट कपाटात आहे, मधल्या रायफलीत. दांड्याच्या मागे बफ पोचलं नव्हतं, टॉर्च मारून काचेतून वाचला. अदलाबदल पाच मिनिटांची. पण कपाट चहूबाजूंनी सिलिकॉनने बंद केलंय, आणि ते उघडायचं की नाही यावर कार्यकारिणीची बैठक दिवाळीनंतर आहे.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार (आर्मरर), जि. सातारा