पेरिएलो की नॉर्थम : आधी जुनी मतं बघा

संपादक महाशय,

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या गव्हर्नरपदाच्या २०१७ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीवर (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीवर) तुमच्याकडे छापून आलं ते वाचलं, पण त्यात गर्भपाताचा मुद्दा एका ओळीत उरकलाय. टॉम पेरिएलो आणि राल्फ नॉर्थम, दोघेही डेमोक्रॅट, दोघेही आज बायकांच्या हक्काच्या बाजूने बोलतायत, मग फरक काय असं वाटणं साहजिक आहे, म्हणून तर जुना रेकॉर्ड बघायचा.

टॉम पेरिएलो अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये (म्हणजे संसदेत) असताना नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांनी आरोग्य विमा विधेयकावरच्या स्टुपाक दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं. म्हणजे सरकारी सबसिडी घेऊन विमा काढला तर त्यात गर्भपाताचा खर्च मिळणार नाही, अपवाद अगदी मोजके. आता ते म्हणतात चूक झाली, माफी पण मागितली. ठीक आहे, माणूस बदलतो, पण माफी आली ती प्रायमरीला उभं राहिल्यावर, हे जरा खटकतंच ना!

राल्फ नॉर्थम मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर. २०१२ मध्ये गर्भपाताआधी अल्ट्रासाऊंड सक्तीचा करणारं बिल आलं, सुरुवातीच्या आठवड्यात तो योनीमार्गे करावा लागला असता, तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये त्यांनी डॉक्टर म्हणून उघड विरोध केला.

माझं मत नॉर्थमना. आणि इथे पक्षाची नोंदणी लागत नाही, त्यामुळे १३ जून २०१७ ला कुठलाही मतदार या प्रायमरीत मत देऊ शकतो, इथल्या मराठी मंडळींनी जरूर जावं.

– एक वाचक, फेअरफॅक्स