शेततळ्याला आधी कुंपण, मग पाहुणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही घरची पाच माणसे इंदूरहून देवास जिल्ह्यात, टोंक खुर्दच्या बाजूला एका शेतावर दोन दिवस राहायला गेलो होतो. मी, सौ., मुलगा, सून आणि सव्वादोन वर्षांची नात. मी राज्याच्या सिंचन खात्यातून उपयंत्री म्हणून निवृत्त झालो. तलाव, पाळ, सांडवा, उतार यांतच नोकरी गेली. त्या दोन दिवसांत तळ्याबद्दल जे कळले, ते इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते, म्हणून हे पत्र.

आधी सांगतो, की लहान लेकराला घेऊन शेतावर जरूर जावे. आमची नात लोकमान्य नगरातल्या तिसऱ्या मजल्यावर वाढते आहे. तिला माती म्हणजे कुंडीतली. गाडीतून उतरताच तिने काळ्या रानातले एक ढेकूळ उचलले, दोन्ही हातांनी छातीशी धरले आणि ‘हे काय?’ म्हणून विचारले. मी म्हटले, ढेकूळ. मग दोन दिवस ‘ढेकू, ढेकू’ चालले होते. झोपतानाही एक उशाशी होते. गव्हाला पाणी फिरवणे चालू होते. पाटाच्या कडेला बसून ती पाण्यात हरभऱ्याचा पाला सोडायची, तो वाहत गेला की टाळ्या वाजवायची आणि पुन्हा दुसरा सोडायची. असा अर्धा तास गेला असेल. घरी जी दोन मिनिटे एका जागी टिकत नाही, ती हीच का, असे सूनबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुपारी शेकोटीत भाजलेले छोड, म्हणजे ओले हरभरे, सोलून खाल्ले, बाफला तुपात कुस्करून डाळीबरोबर खाल्ला, वासराने हात चाटला तेव्हा आधी रडली आणि मग दुसरा हात पुढे केला. खेळणे एकही काढावे लागले नाही. पिशवीतली सगळी तशीच परत आली.

त्या भागाविषयी मला आधीपासून जिव्हाळा आहे. देवास शहराला एकेकाळी रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले होते. गावोगावी नलकूप, म्हणजे बोअर, शेकडो फूट खाली गेले, तरी कोरडेच निघाले. मग २००६ पासून तिथे शेततळ्यांची चळवळ उभी राहिली. तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना गाठून समजावले, की जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्याला द्या, बाकीची जमीन दोन पिके देईल. शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने तळी खोदली. त्या तळ्यांना ‘रेवासागर’ म्हणतात आणि ती खोदणाऱ्याला ‘भागीरथ कृषक’. ज्या रानात सोयाबीन काढल्यावर धूळ उडायची, तिथे आज गहू आणि हरभरा डुलतो. थंडीत बाहेरून पाखरे येतात. ‘मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण आपण इंदूरकर लहानपणापासून ऐकत आलो. ती पुन्हा खरी होताना मी पाहिली आहे. त्यामुळे शेततळे बुजवा असे कुणी म्हणाले, तर विरोधात पहिले पत्र मी लिहीन.

आता शनिवारची संध्याकाळ. आम्ही उतरलो होतो त्या खोल्यांच्या मागे गोठा आणि गोठ्याच्या मागे तळे. मी नंतर पावलांनी मोजले, खोलीच्या पायरीपासून पाळीच्या माथ्यापर्यंत ४२ पावले. मुलगा गाडीतून अंथरूण काढत होता. सून दूध गरम करायला गेली होती. सौ. नातीचे पायमोजे शोधत होती आणि मी खुर्चीवर बसून मालकाशी तळ्याच्या क्षमतेविषयीच बोलत होतो. प्रत्येकाला वाटले, ती दुसऱ्याजवळ आहे. चार मोठी माणसे असली, की हा घोळ सर्वांत सहज होतो. एकटी आई असती, तर तिने पोरीचा हात सोडलाच नसता.

पाळीवर एक पांढरा बगळा उतरला होता. नात त्याच्याकडे निघाली आणि मी पाहिले तेव्हा ती माथ्यावर पोचली होती. पुढे पाच-सहा फुटांवर पाणी. मी हाक मारली नाही. तिला हाक मारली, की शिवाशिवीचा खेळ वाटतो आणि ती उलट्या दिशेने पळते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी उठलो, पण या गुडघ्यांनी ४२ पावले किती वेळात होणार?

गोठ्याच्या भिंतीशी शेतावरच्या हाळीची, म्हणजे सालगड्याची, बायको गोवऱ्या थापत होती. ती काही बोलली नाही, ओरडली नाही. उठली, वाकून पाळीच्या कडेकडेने गेली आणि मागून पोरीला उचलून आणले. सारे दहा-पंधरा सेकंदांत झाले. नातीच्या पिवळ्या स्वेटरवर बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना शेणाचे दोन पंजे उठले होते, बोटे न् बोटे दिसत होती. सौ. ने तो स्वेटर अजून धुतलेला नाही. मी धुवायला सांगितलेलेही नाही.

ते तळे जुन्या रेवासागरासारखे मातीच्या काठाचे नव्हते. नलकूपाचे पाणी साठवायला केलेले, आतून काळ्या जाड प्लास्टिकचे अस्तर घातलेले. मातीच्या तळ्यात पाय रुतेल, पण हाताला चिखल, गवत, मुळी, काहीतरी लागते. प्लास्टिकवर पाण्याच्या रेषेशी शेवाळ धरते आणि हाताला काहीच लागत नाही. उतार दीडास एक, म्हणजे दीड फूट आडवे गेले की एक फूट खाली. कोनात सांगायचे तर साधारण ३४ अंश. ओल्या प्लास्टिकवर या उतारावरून धट्टाकट्टा, पोहता येणारा गडीसुद्धा स्वतःहून वर येऊ शकत नाही. त्याला काढायला उतरणाराही आत अडकतो. आणि लहान मूल बुडताना चित्रात दाखवतात तसे हातपाय झाडत नाही, ओरडत नाही. आवाज न होता दोन-तीन मिनिटांत सगळे संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली, त्यांतली जवळजवळ पाव पाच वर्षांच्या आतली मुले होती.

हा उतार मी शेकडो नकाशांवर काढला आहे. माती घसरू नये, पाळ फुटू नये म्हणून तो किती ठेवायचा, हे मला झोपेतही सांगता येईल. त्यावर कुणी पडला तर वर कसा येईल, ही ओळ मी माझ्या एकाही अंदाजपत्रकात लिहिली नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

मालक भला माणूस आहे. घाबरलाही होता. पण म्हणाला, ‘‘बाबूजी, आज तक तो कई नी हुयो.’’ त्याला काय सांगणार? २०२३ च्या रामनवमीला आपल्याच पटेल नगरात मंदिरातल्या बावडीवरचे, म्हणजे जुन्या विहिरीवरचे, छत कोसळून ३६ माणसे गेली. त्या सकाळपर्यंत तिथेही काही झालेले नव्हते. तळ्याला काटेरी तारेचे दोन पदर आहेत, हे त्याने दाखवले. ती तार गुरांसाठी असते. खालची तार जमिनीपासून दीड फुटावर होती. आमची नात तिच्याखालून सहज वाकून गेली असणार, कारण केसालाही काटा लागला नव्हता.

रविवारी सकाळी सून त्या बाईला साडी द्यायला गेली, मीही मागे गेलो. तिच्या खोपटापुढे बाज होती. बाजेच्या पायाला जुनी ओढणी बांधलेली आणि ओढणीचे दुसरे टोक तिच्या मुलाच्या कमरेला. पोरगा आमच्या नातीएवढाच असेल. ओढणी पुरेल तेवढ्या गोलात त्याने मातीत खेळून पांढरी वाट पाडली होती. सूनबाईच्या तोंडून निघून गेले, ‘‘अगं, बांधून काय ठेवतेस?’’ बाई म्हणाली, सकाळी लसूण उपटायला जावे लागते, सासू नाही, आणि तळे तिथे आहे. आणि तिने हाताने दाखवले.

आम्ही दोन दिवसांचे पाहुणे. तो मुलगा तिथे बारा महिने राहतो. त्याच्या आईने आपल्या ऐपतीत जे कुंपण होते ते घातले, फक्त तळ्याभोवती घालता येत नाही म्हणून मुलाभोवती घातले. बांगलादेशात गावोगावी तळी आहेत आणि आया सकाळी कामात असतात तेव्हाच मुले बुडतात, हे ओळखून तिथे सकाळी ९ ते दुपारी १ अशी गावातलीच पाळणाघरे चालवतात. त्यांना ‘आंचल’ म्हणतात. त्या पाळणाघरांमुळे अनेक मुले वाचली आहेत. आपल्या गावातल्या अंगणवाडीने शेतीच्या हंगामात त्या चार तासांत दोन-तीन वर्षांच्या मुलांना सांभाळले, तर ती ओढणी सोडता येईल.

माझे मागणे आपल्या वृत्तपत्रामार्फत तीन ठिकाणी पोचावे, अशी इच्छा आहे. मध्यप्रदेश पर्यटन मंडळाकडे होमस्टेप्रमाणे फार्मस्टे आणि ग्रामस्टे यांचीही नोंदणी होते. तिथे खोली, पलंग, शौचालय पाहतात, ते पाहावेच. पण आवारात विहीर किंवा तळे असेल, तर कुंपण पाहिल्याशिवाय नोंदणी देऊ नये. सरकारी अनुदानाच्या प्रत्येक तळ्याच्या अंदाजपत्रकात कुंपण आणि दोर यांची ओळ असावी. आणि तिसरे मागणे आपणा वाचकांकडे. शेतावरची खोली राखून ठेवताना आपण वायफाय आहे का, गरम पाणी आहे का, टेकडी दिसते का, हे विचारतो. मुलगा म्हणाला, त्यानेही हेच विचारले होते. घरात पाच वर्षांच्या आतले मूल असेल, तर पहिला प्रश्न पाण्याच्या कुंपणाचा असू द्या. दहा पाहुण्यांनी विचारले, की अकराव्याच्या आधी मालक जाळी लावतो. त्याचा धंदा आपल्या फोनवर चालतो.

आणि तिथे गेल्यावर पोर कुणाच्या स्वाधीन आहे, हे तोंडाने बोलून ठरवावे. आम्ही रविवारी तसेच केले. ‘आता तुझ्याकडे’ असे म्हणून हातात हात द्यायचा, ‘माझ्याकडे’ असे उत्तर आल्याशिवाय सोडायचा नाही.

कुंपण कसले हवे, तेही लिहितो, कारण चुकीचे कुंपण खोटा धीर देते. जाळी चार फूट उंच आणि जमिनीपासून चार बोटांहून जास्त फट नको, म्हणजे मूल खालून सरपटणार नाही. आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूने नकोत, मूल त्यांची शिडी करते. फाटक आपोआप मिटणारे हवे. अस्तराच्या तळ्यात चारही बाजूंना नायलॉनचा जाड दोर, हात-हात अंतरावर गाठी मारून, वर खुंटाला बांधून पार तळापर्यंत सोडलेला हवा. हवा भरलेली एक मोठी ट्यूब काठावर टांगलेली असावी, आणि तिला कुणी आंघोळीला नेऊ नये. जाळीला पैसे नसतील, तर आपली मालव्यातली जुनी बागड, म्हणजे काटेरी कुंपण, आहेच. बाभळीच्या काट्यांची दाट बागड वर्षभर टिकते आणि तिच्यातून कोंबडीचे पिल्लूसुद्धा जात नाही.

हे सगळे मी निघताना कागदावर काढून मालकाला दिले, खांबांच्या संख्येसकट. तळे २० मीटर बाय २० मीटरचे, पाळ धरून घेर साधारण १०० मीटर, अडीच मीटरला एक याप्रमाणे ४० खांब. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. तीन बाजूंना बागड घातली आहे. चौथ्या बाजूने मोटरचा पाइप जातो, तिथे फाटक लागेल, ते कसे करायचे, असे विचारत होता. येत्या शनिवारी मी जातो आहे. फाटकाची कडी इथूनच सियागंजातून घेतली आहे. ती साडेचार फुटांवर बसवीन, म्हणजे त्या बाईचा हात पोचेल आणि तिच्या मुलाचा पोचणार नाही.

आपला,
एक निवृत्त उपयंत्री,
लोकमान्य नगर, इंदूर