नववी 'क'च्या बाईंना

आंबाजोगाई
२४ जून

चि. माईस,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू विचारलंस, "पप्पा, नववी 'क'ची वर्गशिक्षिका केलंय मला. पहिल्या आठवड्यात मुलांशी समतेवर बोलावं म्हणते. कशी सुरुवात करू?" मी विषय टाळून फोन आईकडे दिला. तुला वाईट वाटलं असेल, पण असलं काही मला बोलून सांगता येत नाही. सगळी नोकरी हायस्कूलच्या कार्यालयात गेली. पुढ्यात कागद असला तरच डोकं चालतं.

समतेवर बोलूच नकोस. निदान दिवाळीपर्यंत तरी. तू "दलित, आदिवासी, भटके-विमुक्त" म्हणालीस की अख्ख्या वर्गाच्या माना दोन-तीन ठरावीक बाकांकडे वळणार आणि त्या बाकांवरची पोरं वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढत बसणार. तुझ्या मनात कितीही चांगलं असलं तरी त्यांना तो तास शिक्षेसारखाच जाणार. शिवाय नवी बाई काय बोलते याकडे पोरांचं लक्ष बेताचंच असतं. हजेरीला कुणाचं आडनाव वाचताना ती अडखळते, कुणाची वही हातात देते आणि कुणाची बाकावर टाकते, पाणी आणायला कुणाला पाठवते, हे मात्र ती बरोबर टिपतात. पंधरा दिवसांत बाई कळलेली असते त्यांना.

हजेरी नंबर आणि पहिल्या नावाने घे. एका नावाची दोघं असली तर वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर लाव. याने जात लपते असं मी म्हणत नाही. गावात कुणाची जात कुणाला ठाऊक नसते? पण रोज सकाळी ती पुकारायचं काही कारण नाही.

तुझी तुकडी 'क' का आहे हे एकदा बघून घे. तुकड्या गुणांवर पाडल्यात असं सांगतील. 'अ'चा आणि 'क'चा कॅटलॉग शेजारी शेजारी ठेव आणि आडनावं वाच. मग 'ढ' मुलांचा वर्ग म्हणून तुला कुणी सहानुभूती दाखवली तर काय वाटून घ्यायचं ते तुझं तुला कळेल.

आणि नववी ही इयत्ताच वाईट, माई. शिक्षण हक्क कायदा २००९चा. वय सहा ते चौदा, म्हणजे आठवीपर्यंत. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, शाळेतली खिचडीही आठवीपर्यंत. तोवर सगळ्यांच्या ताटात निदान एकच जिन्नस असायचा. नववीत डबे सुरू होतात. कुणाच्या डब्यात काय, कुणाकडे डबाच नाही, कुणाच्या डब्याला कोण नाक मुरडतं, हे सगळं मधल्या सुट्टीत उघड्यावर येतं. डबा नसलेली मुलं मैदानावर, नळाजवळ, कुठंतरी लांब असतात. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये रोज बसू नकोस. आठवड्यातून दोनदा तरी वर्गातच डबा खा, आणि दर वेळी वेगळ्या बाकावर.

त्यात शाळेच्या फाटकावर दहावीचा 'शंभर टक्के निकाल' असा फलक लावायचा असतो. त्या फलकासाठी नववीतच गाळणी लागते. एखाद्याला नापास करायचं, एखाद्याच्या बापाला बोलावून "पोरगं झेपणार नाही, बाहेरून सतरा नंबर फॉर्म भरा" असं गोड आवाजात सांगायचं. गळतात कोण, हे तुला मी सांगायला नको. अशा बैठकीला वर्गशिक्षिका म्हणून तुलाही बसवतील. बसायचंच झालं तर चाचणीचे पेपर आणि हजेरी घेऊन बस. "झेपत नाही" म्हणणाऱ्याला कोणत्या विषयात, कोणत्या महिन्यापासून, एवढंच विचार.

आता शिष्यवृत्त्यांचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे माझं खातं.

दर वर्षी जुलै-ऑगस्टात माझ्या टेबलावरून याद्या वर्गांत जायच्या. आमचे एक सर यादी हातात आली की गणित थांबवायचे आणि खणखणीत आवाजात, "एससीवाले उभे राहा. बसा. व्हीजेएनटी, उभे राहा." मुली ओढणी सावरत उभ्या राहायच्या. मागून कुणीतरी हळूच "सरकारचे जावई" म्हणायचं आणि सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. सावित्रीबाईंच्या नावाची मुलींची शिष्यवृत्ती तेव्हा आठवी ते दहावीला महिना शंभर रुपये होती. शंभर रुपयांसाठी चारचौघांत उभं राहायचं. त्याहून वाईट ती अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांची शिष्यवृत्ती. "कुणाचे वडील सफाईचं, कातडी कमावण्याचं काम करतात?" असा प्रश्न भर वर्गात विचारल्यावर हात कोण वर करणार? कुणीच करायचं नाही. मग सर मला येऊन सांगायचे, "आपल्याकडे लाभार्थी निरंक." मी "निरंक" असा अहवाल पाठवायचा.

त्याच शाळेत शास्त्राच्या एक बाई होत्या. त्या यादी वर्गात नेतच नसत. प्रयोगवह्या तपासायला एकेकाला टेबलाजवळ बोलवायच्या, अगदी सगळ्यांना, आणि ज्याचा फॉर्म असेल त्याच्या वहीत तो घडी घालून ठेवायच्या. "घरी वडिलांना दाखव, सोमवारी वहीतूनच परत दे." बस्स. त्यांच्या वर्गातून फॉर्म सगळ्यात जास्त यायचे आणि बिनचूक यायचे. भाषण वगैरे काही त्या द्यायच्या नाहीत, उलट स्वभावाने तशा कडकच.

पैशाचा कुठलाही व्यवहार वर्गात करू नकोस. सहलीचे, परीक्षा फीचे पैसे कार्यालयाच्या खिडकीवर भरायला सांग. राहिलेल्यांची नावं फळ्यावर लिहायची पद्धत अनेक शाळांत आहे. तुझ्या फळ्यावर ती नको. आणि वर्गात पैसेच नसले की ते चोरीलाही जात नाहीत.

हे चोरीचं मी उगाच काढत नाही. आमच्या कार्यालयाच्या खिडकीसमोर एक वर्ग होता. एकदा एका मुलाची पन्नासची नोट हरवली. वर्गावरचे सर कुणाला काही न विचारता सरळ तिसऱ्या बाकाशी गेले. तिथं पारधी समाजातला एक मुलगा बसायचा. त्याचं दप्तर उलटं केलं, मग खिसे, मग चपला काढायला लावल्या. नोट त्या पहिल्या पोराच्याच भूगोलाच्या पुस्तकात निघाली. सर "बरं, बरं, बसा" म्हणाले आणि धडा पुढे सुरू झाला. तो मुलगा सोमवारपासून आला नाही. दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. जनरल रजिस्टरात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात शेवटी 'सतत गैरहजर' एवढंच लिहिलं गेलं. त्या रकान्यात खरं कारण लिहायची सोयच नाही.

इंग्रजांनी १८७१ला कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२च्या ३१ ऑगस्टला तो शिक्का पुसला म्हणतात. पण वर्गात कंपासपेटी हरवली की माना अजून तिकडेच वळतात. म्हणून नियम एकच ठेव, आणि तो पहिल्याच आठवड्यात जाहीर कर: काहीही हरवलं तरी या वर्गात कुणाचंही दप्तर तपासलं जाणार नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी, "मी वर्गशिक्षिका आहे, मी बघते" म्हण.

शाळेत बाबासाहेबांना वेगळं बसावं लागायचं त्या गोणपाटाची गोष्ट तुला लहानपणापासून पाठ आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव घातलं; आता तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की नळाला हात लावायचा नाही, शिपाई तोटी सोडेल तेव्हाच पाणी, आणि शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं. त्याच साताऱ्यात १९२४ला कर्मवीर भाऊरावांनी बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. मुलांनीच स्वयंपाक करायचा, मुलांनीच वाढायचं. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मला यात काय महत्त्वाचं वाटतं सांगू? कर्मवीरांनी कामाच्या पाळ्या लावल्या. मनं बदलायची वाट बघत बसले नाहीत. तूही पाळ्या लाव. पाणी आणणं, वर्ग झाडणं, फळा पुसणं, मॉनिटर, सगळं हजेरी क्रमांकाने फिरू दे. झाडू कायम त्याच दोन पोरींच्या हातात आणि मॉनिटरकी कायम सरपंचाच्या पोराकडे, असं कुठंही आपोआप होतं. आपोआप होऊ द्यायचं नाही, एवढंच.

भाषणांचंही तेच. ६ डिसेंबरला बोलायला आपलंच पोरगं, शिवजयंतीला त्यांचं, ३ जानेवारीला फक्त मुली! तुझ्या वर्गात चिठ्ठ्या टाक. ज्याला जो महापुरुष येईल तो. एखाद्या पाटलाच्या पोराला महाडच्या तळ्यावर बोलावं लागलं तर त्याला चार गोष्टी वाचाव्या लागतील, बिघडलं कुठं?

निबंधाचे विषय ठरवताना जरा घरं डोळ्यांपुढे आण. तू बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहेस. दसरा झाला की निम्मी गावं कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात. आजीजवळ राहिलेल्या मुलीला 'मी पाहिलेला समुद्र' किंवा 'माझ्या घरातील वाढदिवस' काय कामाचा? १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखावर. फुल्यांच्या शाळेतली शाळकरी पोर. तिने थेट देवालाच विचारलं होतं की आमचा धर्म कोणता. तिला विषय असा मिळाला की तिच्याजवळ सांगण्यासारखं होतं. पण तुझ्या मुलांनी दुःखच लिहावं असा आग्रहही धरू नकोस. मुकादमाचा उचलीचा हिशोब, बैलगाडी भरायची रीत, फडावरचा पहाटेचा चहा, काहीही लिहू दे. आणि लिहिलेलं त्यांना विचारल्याशिवाय वर्गात वाचून दाखवायचं नाही.

चालण्या-बोलण्यात नाजूक असलेला एखादा मुलगा वर्गात असेलच. त्याला काय काय म्हणतात ते तुला ऐकू येईल. मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्या रांगेत बसवायची खोड अजून गेलेली नाही. त्यात मुलींचाही अपमान आणि त्या पोराचं तर वर्षभराचं मरण. ती शिक्षा तुझ्या वर्गात नको, आणि दुसरे कुणी करत असतील तर त्यांना एकटं गाठून सांग. कमी ऐकू येणारं मूल असेल तर त्याला पुढे बसव आणि फळ्याकडे तोंड करून बोलत राहू नकोस. ओठ दिसले पाहिजेत.

तक्रारपेटी बहुतेक मुख्याध्यापकांच्या दारातच टांगलेली असेल, साऱ्या शाळेच्या डोळ्यांसमोर. तिथं चिठ्ठी कोण टाकणार? जिन्याखाली किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर हलवायला सांग. मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असेलच, २०२२पासून सगळ्या शाळांना ती बंधनकारक आहे. तिच्यात कोण आहे ते मुलींना नावानिशी माहीत हवं. आणि एखाद्या मुलीने अंगाला हात लावल्याचं सांगितलं तर "शाळेची बदनामी" हा शब्द ऐकूनच घेऊ नकोस. २०१२च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, दडवणं हा गुन्हा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम असू दे.

तुलाही आडनाव विचारतील. त्यावरून नाही कळलं तर गाव, मग गावात कुठल्या बाजूला घर. सरळ उत्तर दे आणि तोच प्रश्न त्यांना परत विचार.

शेवटचं काम मात्र कार्यालयातलं आहे आणि ते या सहामाहीतच कर. वर्गात जात वाचू नकोस म्हणालो, पण रजिस्टरात ती अचूकच हवी. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा. तो पुरावा म्हणजे बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद. ज्यांचे आजोबा पालावर वाढले ते कुठून आणणार? उद्या तुझ्या वर्गातल्या पोरांच्या नातवंडांना हीच नोंद दाखवावी लागेल. आणि ती लिहिलेली असते कशी, तर नुसतं 'हिंदू', किंवा पोटजात गाळलेली, किंवा काना-मात्रा चुकलेली. शाळा सोडल्यावर दुरुस्तीला नाकी नऊ येतात. म्हणून नववी 'क'ची प्रत्येक नोंद स्वतः जनरल रजिस्टरात बघ, पालकांकडच्या कागदांशी ताडून बघ, आणि चूक असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज दे. ऊसतोडीला जाणारे दसऱ्यानंतर सापडायचे नाहीत, त्यांची आधी घे. तुमचा लिपिक कंटाळेल, रजिस्टर कपाटात आहे म्हणेल. त्याला सांग, माझे वडील याच खात्यातले आहेत.

आई शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. बाकी क्षेम.

तुझे
पप्पा