खड्याची कड दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाल-हिरव्या झळाळीचा अमोलाइट हा खडा ऑनलाइन दुकानांतून आता आपल्याकडेही मागवता येतो. खडा खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. आक्षेप आहे तो बिलावर. ‘नॅचरल अमोलाइट, 6 कॅरेट’ एवढेच लिहिले असेल, तर गिऱ्हाइकाने पैसे कशाचे मोजले हे त्यावरून कळतच नाही.

अमोलाइट म्हणजे अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या शंखाचा चमकदार थर. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम हाही अमोनाइटचाच जीवाश्म, पण तो त्याहून जुना आणि काळा. त्यात शंखाची ही झळाळी उरलेली नसते. कॅनडातल्या दक्षिण अल्बर्टात मात्र सात कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या सागरी चिखलात हे शंख असे गाडले गेले की त्यांचा मूळ अरागोनाइट, म्हणजे शंख ज्याचा बनतो ते चुन्याचे खनिज, टिकून राहिला. त्याच्या पातळ पापुद्र्यांवरून प्रकाश परतताना रंग उमटतात. पापुद्रे जाड असले की लाल आणि हिरवा, पातळ असले की निळा आणि जांभळा. पातळ पापुद्रे लवकर तुटतात, म्हणून निळा-जांभळा दुर्मीळ आणि महाग. 1981 मध्ये दागिने व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने अमोलाइटला रत्न म्हणून मान्यता दिली. तिथल्या ब्लॅकफूट या मूलनिवासी लोकांना असे शंख त्याच्या कितीतरी आधीपासून ‘इनिस्किम’ म्हणून पूज्य आहेत.

खाणकामात यंत्रे आहेत, पण शोध डोळ्यांनीच लागतो. जमिनीत रडारच्या लहरी सोडून शंख हुडकावा, तर ओल्या चिकणमातीच्या खडकात त्या लवकर विरतात. त्यामुळे एक्स्कॅव्हेटर हा चिकणमातीचा खडक, म्हणजे शेल, थोडाथोडा खरवडत जातो आणि बाजूला उभी असलेली माणसे रंगाची चकाकी किंवा लोहखनिजाचा गोळा दिसतो का हे पाहत राहतात. काम संपल्यावर खड्डा पुन्हा भरतात. याच खाणींत मोसासॉर या समुद्री सरीसृपांचे सांगाडेही निघतात आणि ते अल्बर्टातल्याच ड्रमहेलरच्या रॉयल टिरेल संग्रहालयाकडे जातात. खाण आणि संशोधन यांचा असा मेळ आपल्याकडच्या जीवाश्म असलेल्या भागांतही बसायला हवा, असे आम्हाला मनापासून वाटते.

खरी तंत्रविद्या सुरू होते ती त्यानंतर. जमिनीतून निघालेला शंख वाळू लागला की पापुद्रे सुटतात आणि त्यांचे कपचे उडतात. म्हणून तुकडा आधी स्वच्छ करून सावकाश वाळवायचा, मग निर्वात पेटीत ठेवून भेगांतली हवा काढायची आणि त्या जागी पातळ इपॉक्सी रेझिन शिरू द्यायचे. ते पूर्ण घट्ट झाल्यावरच करवत लावायची. घासणी ओली आणि बारीक हवी. रंगाचा थर मुळात जेमतेम 0.5 ते 0.8 मिलिमीटर, आणि पॉलिशनंतर 0.1 ते 0.3 मिलिमीटरच उरतो. हात किंचित जड पडला की रंग बदलतो, आणखी घासले की खालचा तपकिरी शेलच वर येतो. या थराची कठिणता मोह्‌स मापावर सुमारे 4, म्हणजे रोजच्या धुळीनेही ओरखडे पडतील इतकी. त्यामुळे पातळ थराला मागून शेलचा आधार आणि वरून क्वार्ट्झ किंवा कृत्रिम स्पिनेल या अधिक कठीण खनिजांची पारदर्शक टोपी चिकटवतात. हा ट्रिपलेट. टोपी नसेल, फक्त मागे आधार जोडलेला असेल, तर डबलेट.

हे काम कुशल कारागिरीचे आहे, त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती न सांगण्यात. ट्रिपलेटच्या 6 कॅरेट वजनात बहुतेक भार टोपीचा आणि आधाराचा असतो, म्हणून कॅरेटवर लावलेल्या भावाला काही अर्थ राहत नाही. भाव ठरावा तो मिलिमीटरमधला आकार, रंगांची संख्या, झळाळी आणि खड्याची बांधणी यांवर.

ओळखायचे कसे? दहापटीचे भिंग घ्या आणि खडा वरून न पाहता कडेने पाहा. वर काचेसारखा घुमट, मध्ये केसाएवढी रंगाची रेघ आणि खाली काळपट आधार दिसला, तर तो ट्रिपलेट. रेघेलगत बारीक बुडबुडे किंवा कडेला पांढुरकी कोर दिसली, तर डिंक सुटू लागला आहे. कोंदण बंद असेल तर खडा ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. प्रकाशाची रेघ पृष्ठभागावर आणि रंग त्याच्या खाली खोल दिसला, तर वर टोपी आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणावर, 1.73 च्या आसपास आकडा आला, तर तो स्पिनेलच्या टोपीचा असतो, अमोलाइटचा नव्हे. अबलोन शिंपल्याचे तुकडेही या नावाने खपवले जातात. त्यांत रंगांच्या मधून गडद वळणदार रेघा जातात.

सोनारबंधूंना विनंती, अंगठी लहान-मोठी करताना हा खडा आधी काढून घ्या. डाख लावतानाच्या आचेने इपॉक्सी पिवळे पडते आणि जोड उकलतो. नंतर अंगठी तेजाबात टाकली तर अरागोनाइट अक्षरशः विरघळतो. वाफेची किंवा अल्ट्रासॉनिक सफाईही नको. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडके, आणि लगेच कोरडे करणे, एवढे पुरते. घरी लिंबू किंवा चिंच लावून दागिने उजळण्याची सवय असेल, तर अमोलाइट त्यातून वगळा.

ऑनलाइन विक्रेत्यांनी एकाच झगझगीत फोटोवर काम भागवू नये. या खड्याचे रंग कोनागणिक बदलतात, एखाद्या दिशेने तो अगदी मंदही दिसतो. पांढऱ्या उजेडात खडा पूर्ण फिरवलेली दहा-पंधरा सेकंदांची चित्रफीत, मोजपट्टीसह कडेचा फोटो, आणि बिलावर तीन गोष्टी हव्यात: खडा सलग, डबलेट की ट्रिपलेट; रेझिन भरले आहे का; टोपी कशाची. मोबाइल कॅमेऱ्यानेही हे सहज जमते.

अखंड शंख विकत घेणाऱ्यांनी आणखी एक कागद मागावा. अल्बर्टात सापडणारे जीवाश्म प्रांताच्या मालकीचे असतात. शंख विकण्याआधी मालकी बदलल्याचे प्रांताचे प्रमाणपत्र लागते आणि देशाबाहेर नेताना कॅनडाच्या सांस्कृतिक मालमत्ता निर्यात कायद्याचे नियम लागू होतात. भेट म्हणून शंख आणणाऱ्या नातेवाइकांना हे निघण्यापूर्वीच कळवलेले बरे.

आपले,
रत्नपरीक्षणाचे काम करणारे दोन वाचक, पुणे