गुरुजी, हे चारचौघांत सांगायलाच हवं

आदरणीय गुरुजींस,
सा. न.

तुम्ही रागवाल हे माहीत असून लिहिते आहे. निघताना तुम्ही बजावलं होतं, "कोणाले सांगत बसू नोको माय, झालं ते झालं." तुमचं नाव मी कुठेच घेणार नाही, तेवढी आज्ञा पाळते. पण गोष्ट सांगणार. भर्तृहरीचं नीतिशतक तुम्हीच माझ्या नवऱ्याकडून शाळेत पाठ करून घेतलं होतं. त्यात सज्जनांची रीत दिली आहे: दान गुपचूप द्यावं, घरी आलेल्याचं लगबगीने स्वागत करावं, कोणाचं भलं केलं तर गप्प राहावं आणि आपलं कोणी भलं केलं तर ते सभेत सांगावं. तलवारीच्या धारेवर चालण्याचं व्रत म्हटलंय त्याने याला. 'प्रियं कृत्वा मौनम्' हा तुमचा वाटा झाला. 'सदसि कथनं चाप्युपकृतेः' हा माझा, आणि तो मी सोडणार नाही.

हे गेले आणि नागपूरच्या महाल भागातल्या त्या घरात माझी जागा कोणती, याची चर्चा तेराव्यानंतर लगेच सुरू झाली. मागच्या दोन खोल्या मी नि माझ्या लेकीने रिकाम्या कराव्यात, माहेरी जावं, "तिथे तुझं मन रमेल" असं भासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाने, सांगितलं. सासरे काही बोलत नव्हते. मी कोणाकोणाकडे गेले ते सगळं इथे मांडत नाही. आमच्या नात्यात मोठ्या मानाची माणसं आहेत, संस्थांवर पदं भूषवलेली. प्रत्येकाने चहा पाजला आणि "घरचा मामला आहे, आम्ही कसं बोलणार" म्हणून वाटेला लावलं. हीच मंडळी कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी चाणक्याचं वचन टाकतात. (त्यातली कितीतरी वचनं चाणक्याची नसतातच, कोणीतरी त्याच्या नावावर खपवलेली असतात. हेही तुम्हीच सांगितलंत.) एक दिवस त्यात खरं वचन आलं: उत्सवात, संकटात, दुष्काळात, राजद्वारी आणि श्मशानात जो सोबत उभा राहतो तो बांधव. वाचून माझा जीव जळला. मोक्षधाम घाटापर्यंत हे सगळे आले होते. त्याच्या पुढे कोणी आलं नाही.

मग तुम्ही आलात. बोलावलं कोणी, हे मला आजही नक्की ठाऊक नाही. गांधीसागर तलावावर सकाळी फिरताना सासऱ्यांनीच तुमच्याकडे मन मोकळं केलं असावं, असा माझा अंदाज. त्यांना रात्री झोप नव्हती. त्यांच्या येरझारा मला मागच्या खोलीत ऐकू यायच्या.

मे महिना, बाहेर ४५ अंश, बैठकीत कूलरचा आवाज. सोफ्यावर भासरे, त्यांचे साडू, दोन मामेसासरे. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. घरातला निर्णय असला की मी तिथेच उभी असायची, हे गेल्यापासून तर कोणी बस म्हणालंच नव्हतं. तुम्ही आत आलात. तुमच्यासाठी सासऱ्यांशेजारची लाकडी खुर्ची ठेवली होती. सगळे "बसा गुरुजी, बसा" म्हणत होते आणि तुम्ही बसेनात. मला आधी कळलंच नाही. तुम्ही नुसते उभे राहिलात, या वयात, उन्हातून चालत आल्यावर. कोणी उठेना तेव्हा तुम्ही ती खुर्ची स्वतः उचलून सासऱ्यांच्या समोर ठेवलीत आणि मला म्हणालात, "बस माय. उभी काहून?" तुमच्यासाठी आणलेला पाण्याचा ग्लास आधी माझ्या हातात दिलात. आणि स्वतः खाली सतरंजीवर बसलात.

गुरुजी, पुढे जे काही झालं ते या एका गोष्टीमुळे झालं, असं मी मानते. तुम्ही खाली बसल्यावर सोफ्यावरच्यांना सोफा टोचायला लागला. मामेसासरे उतरून सतरंजीवर आले. मला मात्र तुम्ही उठू दिलं नाहीत.

नंतर मी ह्यांच्या कपाटातली विदुरनीती, महाभारतात विदुराने धृतराष्ट्राला केलेला उपदेश, काढून वाचली. वडीलधारा माणूस येताना दिसला की तरुणाचे प्राण वर उसळतात आणि उठून नमस्कार केला की ते जागेवर येतात, असं विदुर म्हणतो. तुम्ही ती रीत उलटी पाळलीत. ज्याच्यासाठी सगळ्यांनी उठावं तो माणूस एका विधवा सुनेसाठी उभा राहिला. त्याच ग्रंथात आहे की बसायला गवत, टेकायला जमीन, पाणी आणि चौथं म्हणजे गोड शब्द, या गोष्टी सज्जनाच्या घरी कधीच संपत नाहीत. आमच्या घरात यातलं सगळं होतं. द्यायला कोणी तयार नव्हतं. ते तुम्ही, घर तुमचं नसताना, दिलंत.

मग तुम्ही सासऱ्यांना प्रल्हादाची गोष्ट सांगितली. नरसिंहाची सगळ्यांना येते, ही कोणालाच माहीत नव्हती. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून वाद पेटला. विदुरनीतीत तर तो आसनावरूनच पेटतो, बरोबरीने एका आसनावर कोणी बसायचं यावरून. दोघांनी प्राण पणाला लावले आणि निवाडा मागायला गेले ते खुद्द प्रल्हादाकडे. एकीकडे पोटचा मुलगा, त्याचा जीव पणाला. प्रल्हादाने निवाडा मुलाविरुद्ध दिला, सुधन्वा श्रेष्ठ म्हणाला. आणि सुधन्व्याने विरोचनाचे प्राण परत दिले, कारण बाप मुलाच्या मोहातही खोटं बोलला नव्हता.

हीच गोष्ट विदुराने द्रौपदीच्या प्रसंगी भरसभेतही सांगितली होती, हे सांगताना तुमचा आवाज चढला. भीष्म म्हणाले धर्माची गती सूक्ष्म आहे, बाकीचे खाली बघत बसले, कौरवांतला एक विकर्ण उठला आणि एक विदुर बोलला. सभेत निंद्य गोष्ट घडताना तिची निंदा झाली नाही तर अर्धं पाप सभेच्या प्रमुखाला, पाव करणाऱ्याला आणि पाव गप्प बसणाऱ्यांना लागतं, असा तो हिशेब. तुम्ही भासऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मामेसासऱ्यांकडे पाहिलंत.

सासरे रडले. त्यानंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही. खोल्या माझ्या आणि लेकीच्या राहिल्या, सासऱ्यांनी ते रीतसर लिहूनही दिलं. भासरे आता माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात, पण लेकीला शाळेत सोडतात. हेही तुमचंच देणं आहे. तुम्ही त्यांचा अपमान होऊ दिला असता तर ते झालं नसतं. त्या दिवशी तिथे काय काय बोललं गेलं, कोणाचं काय उघडं पडलं, यातलं अक्षरही महालाच्या गल्लीत गेलं नाही. 'गुह्यं निगूहति', खरा मित्र झाकायचं ते झाकतो. मला लोकांच्या नजरा झेलाव्या लागल्या नाहीत, त्या याच्यामुळे.

माझा राग अजून गेलेला नाही. तोंडावर गोड बोलणारे पुष्कळ मिळतात, कटू पण हिताचं सांगणारा मिळत नाही आणि ऐकणाराही, हे विदुराने धृतराष्ट्राला सांगितलं आणि त्याने ऐकूनही केलं नाही. आमच्या घरी निदान ऐकणारा निघाला. सासऱ्यांचे आभारही मला इथेच मानायचे आहेत. सांगणारा मात्र सगळ्या गोतात एक नव्हता.

आणि तरी मी हे शहर सोडून कुठे जाणार नाही. उन्हाळा लागला की इतवारीत, महालात लोक दारापुढे माठ ठेवतात, त्याला ओलं फडकं गुंडाळतात, दिवसातून दोनदा भरतात. कोण भरतं ते पाणी पिणाऱ्याला माहीत नसतं. दुकानाच्या पायरीवर टेकलेल्या हमालाला कोणी उठ म्हणत नाही. ही माणसं सभेत बोलणारी नसतील, श्लोक पाठ नसतील त्यांचे, पण चांगुलपणा यांच्यात मुरलेला आहे. तुम्ही त्यांच्यातलेच आहात, हे मला अभिमानाने लिहावंसं वाटतं.

आता एक विनंती. लेक यंदा ८ वीत गेली आणि तिने संस्कृत घेतलं आहे. रविवारी सकाळी तिला तुमच्याकडे पाठवू का? फी तुम्ही घेणार नाही हे मला कळतं, म्हणून त्याबद्दल विचारत नाही. पण पुढच्या रविवारी जेवायला आमच्याकडे यायचं, काकूंना घेऊन. गोळाभात करते. सासऱ्यांनीही निरोप दिला आहे की गुरुजींनी नाही म्हणायचं नाही.

तुमच्या विद्यार्थ्याची बायको,
महाल, नागपूर