पडद्यावरची आई आता माणूस वाटते

संपादक महोदय,

हिंदी सिनेमातली आई बदलली, ती फार चांगल्या अर्थाने. 'मदर इंडिया'त (1957) नर्गिस गावातल्या मुलीची अब्रू वाचवायला पोटच्या बिरजूला गोळी घालते. 'वास्तव'मध्ये (1999) आपल्या रीमा लागू तेच करतात, पण तिथे गावाच्या इभ्रतीचा प्रश्न नाही. तडफडणाऱ्या मुलाची सुटका आहे. पहिल्या चित्रपटात मुलगा सुनील दत्त, दुसऱ्यात त्यांचाच मुलगा संजय! रीमाताई त्याच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने मोठ्या, तरी आई म्हणून कुठेही खोट्या वाटल्या नाहीत.

मधल्या काळातल्या बहुतेक आया शिलाई मशीन, खोकला आणि देवघर यांतच अडकल्या.

मला 'बधाई हो' (2018) महत्त्वाचा वाटतो. लग्नाच्या वयाच्या मुलाची आई गरोदर राहते. तो मित्रांना तोंड चुकवतो, आईशी धड बोलत नाही. नीना गुप्तांच्या चेहऱ्यावरचा संकोच आणि तरीही न ढळणारा निर्धार पाहावा. आईला स्वतःचं शरीर, स्वतःचा संसार असतो, हे तिथे मुलाला शिकावं लागतं. असे चित्रपट घरातल्या मुलग्यांनी आवर्जून पाहावेत, आणि लेखकांनी अशा आया आणखी लिहाव्यात.

— एक प्रेक्षक, सातारा