बाबांच्या तपासणीबद्दल

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढून पार्किन्सन ओळखायच्या तपासणीवरचा तू पाठवलेला लेख बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "मी पडतो हे कळायला पाठीत सुई कशाला?"

तरी सोमवारी मी डॉक्टरांकडे विषय काढलाच. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन वेडंवाकडं दुमडतं म्हणे. मणक्यातल्या पाण्यात त्याचा कणभर अंश असला, तर तपासताना घातलेलं चांगलं प्रथिनही तसंच वाकडं होत जातं. मी म्हटलं, म्हणजे विरजणच की! डॉक्टर हसले. २०२३ साली १,१२३ जणांच्या अभ्यासात पार्किन्सनच्या शंभरातल्या ८८ रुग्णांत ते सापडलं, आणि ज्यांचा वास गेला होता त्यांच्यात तर ९७.

लगेच त्यांनी विचारलं, "यांना वास येतो?" अरे, आदल्याच दिवशी हॉलमधून ओरडले होते, "दूध लागलं बघ!" मी ओट्यापाशी उभी, मला पत्ता नाही.

नुसत्या वासावरून काही ठरत नाही. पण पहिल्याच वर्षात मागच्या मागे पडणं, नजर खाली न वळणं, लेव्होडोपाने, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीने, म्हणावा तसा फरक न पडणं, हे सगळं पीएसपीकडे (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, पार्किन्सनसारखाच दिसणारा मेंदूचा दुसरा आजार) बोट दाखवतं. त्यात बिघडतं ते टाऊ, दुसरंच प्रथिन. म्हणजे पाठीतली तपासणी बहुधा "विरजण नाही" असंच सांगेल. हे पार्किन्सन नसावं, एवढं कळेल. काय आहे ते नाही. रक्तातलं न्यूरोफिलामेंट, म्हणजे मज्जापेशींना इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, पीएसपीत पार्किन्सनपेक्षा जास्त वाढतं, पण ते इतर आजारांतही वाढतं. एमआरआयवर मात्र डॉक्टरांनी पेन टेकवून दाखवलं: मेंदूचा मधला भाग झिजून बाजूने हमिंगबर्डसारखा दिसतो. बाबा म्हणाले, "चला, डोक्यात निदान पक्षी तरी आहे."

तेव्हा सुईचा आग्रह सोड. रक्त देऊ. गोळी डॉक्टर आणखी थोडी वाढवून बघणार आहेत, तिचा उपयोग नसेल तर बंद. नाव नक्की झालं तर उगाच गोळ्यांचे डोस चढवत बसणार नाहीत, माझ्या लेखी हाच मोठा फायदा.

ताटातलं त्यांना दिसत नव्हतं, आमटीत बोटं जायची. आता टेबलावर पाट ठेवून त्यावर ताट मांडते. काल भाकरी स्वतः मोडून खाल्ली. येताना रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट आण, नऊ नंबर.

तुझी आई